आधीची नोंद

बंगालीतला ‘अभिमान’ मराठीत आणताना मी अडले. आपल्याकडे तो गर्वाच्या घरचा. तिकडे तो जिव्हाळ्याच्या माणसानं दुखावल्यावरचा अबोल रुसवा. कादंबरीच्या अनुवादाचे खर्डे मी गिटमध्ये ठेवते. लिनस टोरवाल्ड्सनं ते २००५ साली लिनक्सच्या कामासाठी रचलं, पण त्याला कादंबरीही चालते.

छपाईआधी पायथनमध्ये दहाएक ओळींचा प्रोग्राम लिहिला : एकेक कमिट घे, त्या वेळची फाइल उघड, हे एकच वाक्य दाखव. गिटचा लॉग ताजी नोंद आधी देतो. मी ‘रिव्हर्स’ लावून पहिल्यापासून निघाले. पडद्यावर एकाखाली एक उतरू लागलं : ‘तिला राग आला होता’, ‘ती मानी होती’, ‘ती रुसली होती’. मग अचानक, ‘ती फुगून बसली होती’.

तारीख पाहिली. त्या संध्याकाळी आईला फोनवर हे पान वाचून दाखवलं होतं. “म्हणजे फुगून बसलीय, एवढंच ना?” ती म्हणाली होती. पुढच्याच कमिटमध्ये मी ते घरगुती वाटलं म्हणून बदललं होतं. शेरा एका शब्दाचा : ‘दुरुस्ती’.

आई आता नाही.

गिटमध्ये प्रत्येक कमिटला आपल्या आधीची कमिट ठाऊक असते, नंतरची नसते. मी तिचं वाक्य परत घातलं. शेऱ्यात या वेळी कारणही लिहिलं : ‘आई म्हणाली होती.’