न सुटणारा क्यूब

सोसायटीच्या जिन्यात, शाळेच्या बसमध्ये, लग्नाच्या हॉलमधल्या शेवटच्या रांगेत हल्ली मुलं क्यूब फिरवताना दिसतात. जवळ जाऊन ऐकलं तर ती काहीतरी पुटपुटत असतात: ‘आर, यू, आर प्राइम, यू प्राइम.’ ही अक्षरं कुणी ठरवली असं विचारलं, तर उत्तर येतं, रुबिकने. खरं तर ती ठरवली डेव्हिड सिंगमास्टर या गणितज्ञाने. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी ते गेले.

सिंगमास्टर मूळचे अमेरिकन. पीएचडी बर्कलेची, विषय अंकशास्त्र. पुढे लंडनच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागले आणि तिथलेच झाले. ऑगस्ट १९७८मध्ये हेलसिंकीला गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. बुडापेस्टमध्ये वास्तुरचना शिकवणाऱ्या एर्नो रुबिकने १९७४ साली बनवलेला ठोकळा तेव्हा हंगेरीबाहेर फारसा कुणाला ठाऊक नव्हता. परिषदेला आलेल्या हंगेरियन गणितज्ञांकडे तो होता. सिंगमास्टरनी एक मिळवला, घरी नेला आणि काही दिवसांत सोडवलाही.

सोडवणारे पुढे कोट्यवधी झाले. सिंगमास्टर वेगळे ठरले ते त्यांनी केलेल्या टिपणांमुळे. कोणती बाजू फिरवली हे कागदावर कसं लिहायचं, हा पहिला प्रश्न. रंगांवरून लिहावं, तर प्रत्येक कारखान्याचे रंग वेगळे. म्हणून त्यांनी जागा धरल्या: पुढची, मागची, वरची, खालची, डावी, उजवी. इंग्रजीत ‘टॉप’ आणि ‘बॉटम’ म्हणावं, तर ‘बॉटम’ आणि ‘बॅक’ दोन्हींचा ‘बी’ येतो. म्हणून ‘अप’ आणि ‘डाउन’. एवढीशी गोष्ट, पण ती केल्यामुळे एकाला सापडलेली युक्ती दुसऱ्याला पोस्टकार्डावर लिहून कळवता यायला लागली. (मराठीत ही अडचण आलीच नसती. पु, मा, व, खा, डा, उ: सहाही अक्षरं वेगळी. पण आपण तेव्हा लिहिलं नाही, त्यांनी लिहिलं.)

हे टिपण वाढत वाढत १९८१पर्यंत चांगलं पुस्तक झालं. त्याच पॉलिटेक्निकमधल्या मॉर्विन थिसलथ्वेटने दाखवून दिलं, की कितीही विस्कटलेला क्यूब ५२ चालींत सुटतो. मग हा आकडा खाली आणायची चढाओढ सुरू झाली, आणि २०१०मध्ये संगणकाच्या मदतीने सिद्ध झालं की २० चाली नेहमीच पुरतात.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. ‘रंजक गणित’ या शब्दातल्या ‘रंजक’वर आमच्या स्टाफरूममध्ये थोडं हसलं जातं. सिलॅबस संपला, वेळ उरला तर बघू, असा त्याचा दर्जा. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांच्या वाट्यालाही हेच आलं. ६१७४ हा त्यांचा आकडा आज जगभर माहीत आहे, पण त्यांच्या कामाकडे इथल्या अनेकांनी ‘आकड्यांशी खेळणं’ म्हणूनच पाहिलं. १९७५मध्ये मार्टिन गार्डनरनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा आपल्याला त्यांची किंमत कळू लागली.

सिंगमास्टरना हा ‘खेळ’ नेमका किती जुना आहे हे शोधायचं वेड होतं. लाकडी कोडी, कड्यांची कोडी, गुप्त खटक्यांच्या पेट्या त्यांनी घरात जमवल्याच, पण प्रत्येक कोड्याचा मागही काढला. कुठलं कोडं सर्वांत आधी कुठे लिहिलेलं सापडतं, याची एक प्रचंड सूची ते आयुष्यभर वाढवत राहिले. आपण लहानपणी ऐकलेलं वाघ, शेळी आणि गवताच्या भाऱ्याचं कोडं घ्या. होडीत नावाड्याबरोबर एकच मावतं. मागे वाघ-शेळी एकत्र राहिली तर शेळी गेली, शेळी-गवत राहिलं तर गवत गेलं. युरोपात हे लांडगा, बकरी आणि कोबी होऊन अल्क्विन या विद्वानाच्या नावावरच्या लॅटिन संग्रहात येतं. अल्क्विन इ. स. ८०४मध्ये वारला. त्या संग्रहाचं इंग्रजी भाषांतर १९९२मध्ये छापलं गेलं, त्यावरची टिपणं सिंगमास्टर यांची.

त्या वाटेने जाणाऱ्याला भास्कराचार्य लागतातच. ‘लीलावती’ ११५०ची. ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला, तर तो कितव्या हातावर मोडला? (१२.) आमचं माहेर चाळीसगावचं. जवळच पाटणच्या देवळात भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, १२०७चा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ काढला, त्याची ती नोंद. म्हणजे ज्या काळी वेळूची, मोराची आणि सापाची कोडी घालणाऱ्या पुस्तकासाठी मठ निघत होता, तेव्हा ‘हे रंजक, हे गंभीर’ अशी वाटणी झालेली नसावी. ती नंतरची.

पण मला हा लेख लिहावासा वाटला तो क्यूबबद्दलच्या एका वेगळ्याच गोष्टीमुळे.

क्यूबच्या किती रचना होऊ शकतात? ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,०००. साधारण सव्वाचार लाख कोटी कोटी. हा आकडा खोक्यावर छापण्यासाठी छान आहे. त्याहून रंजक आकडा मात्र १२ आहे. क्यूब खोलून, सगळे तुकडे टेबलावर टाकून, डोळे मिटून पुन्हा बसवला, तर तो फिरवून सुटण्याची शक्यता १२त १. उरलेल्या ११ वेळा तो कधीच सुटत नाही. कितीही हुशार माणूस बसवा, कितीही वर्षं द्या.

चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत माझा धाकटा भाऊ घरी आला होता. तो तेव्हा पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धापरीक्षा देत होता. चार अटेम्प्ट झाले होते. एकदा मुलाखतीपर्यंत पोहोचून राहिला होता. पुढच्या अटेम्प्टविषयी घरात कुणी उघड बोलत नव्हतं. फराळाचं ताट पुढे करताना जेवढं बोलता येतं तेवढंच.

माझ्या मुलाचा क्यूब घेऊन तो गच्चीवर बसायचा. सोडवायला शिकला होता तो, रूमवरच्या पोरांकडून. पण हा सुटेना. सगळं जुळायचं आणि एक कोपरा जागेवर असूनही फिरलेला राहायचा. पुन्हा विस्कटायचा, पुन्हा जुळवायचा, पुन्हा तोच एक कोपरा. चौथ्या दिवशी आई म्हणाली, ‘अरे, नेट लावला की होतं सगळं.’ तो काही बोलला नाही.

त्या संध्याकाळी मी क्यूब बघितला आणि म्हटलं, ‘हा सुटणार नाही. कुणीतरी खोलून चुकीचा बसवलाय.’

‘कशावरून?’

‘एकच कोपरा फिरलेला राहूच शकत नाही.’

‘ताई, तुला सुटत नाही म्हणून म्हणतेस. सिद्ध कर.’

मग आम्ही गच्चीवर बसलो. सिद्धता अवघड नाही, वाचणाऱ्यांनीही हातात क्यूब घेऊन करून बघावी. पांढरी बाजू वर, पिवळी खाली धरा. आठ कोपऱ्यांपैकी प्रत्येकावर पांढरा किंवा पिवळा, यातला एक रंग असतोच. तो रंग वर किंवा खाली बघत असेल, तर त्या कोपऱ्याला ० द्या. कोपरा त्या स्थितीपासून घड्याळाच्या दिशेने एकदा वळलेला असेल तर १, उलट दिशेने वळलेला असेल तर २. आठही आकड्यांची बेरीज करा. सुटलेल्या क्यूबची बेरीज ०. आता वरची किंवा खालची बाजू फिरवली, तर कुणाचाच आकडा बदलत नाही. उभ्या चार बाजूंपैकी कुठलीही एक पाव फेरी फिरवली, तर तिच्या दोन कोपऱ्यांना एकेक वळण मिळतं आणि दोघांना दोनदोन. एकूण सहा. म्हणजे काहीही करा, बेरजेला तीनने भागलं की बाकी ० राहते. आणि एकच कोपरा फिरलेला असेल तर बाकी राहते १ किंवा २. तिथून ०वर येणारा रस्ताच नाही.

कोपऱ्यांचा हा नियम तीनपैकी दोन शक्यता बाद करतो. कडांच्या तुकड्यांचा असाच एक नियम दोनपैकी एक बाद करतो, आणि तुकड्यांच्या अदलाबदलीचा तिसरा नियम आणखी अर्ध्या बाद करतो. तीन गुणिले दोन गुणिले दोन, बारा.

भावाने दोन-तीन चाली स्वतः करून आकडे मोजले. सहा, सहा, सहा. मग त्याने नखाने तो कोपरा उचकटून काढला, सरळ करून बसवला, आणि हसला. पुष्कळ दिवसांनी हसला. चार दिवस जे जमत नव्हतं त्यात त्याचं काही कमी पडलं नव्हतं, हे त्याला त्या बेरजेने सांगितलं. आईच्या किंवा माझ्या समजावण्यात ते बळ नव्हतं.

थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘ताई, याचं कळलं. माझं कसं कळायचं?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ‘होईल रे’ म्हणणं त्या सिद्धतेनंतर शोभलं नसतं. परीक्षा म्हणजे क्यूब नव्हे. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत, ही अशक्यता नाही. पण नेट लावला की होतंच, हेही खरं नाही. मी त्याला गणितातच आणखी एक गोष्ट सांगितली, तीही सिंगमास्टरांचीच.

पास्कलचा त्रिकोण शाळेत सगळ्यांनी पाहिलेला असतो. आपल्या परंपरेत तो मेरुप्रस्तार. वरच्या दोन संख्यांची बेरीज खाली. त्यात १ अगणित वेळा येतो. बाकी संख्या मोजक्या वेळा येतात. १० चार वेळा, १२० सहा वेळा. ३००३ आठ वेळा येते: १४व्या ओळीत दोनदा, १५व्या ओळीत दोनदा, ७८व्या ओळीत दोनदा आणि ३००३व्या ओळीत दोनदा. याहून जास्त वेळा येणारी संख्या अजून कुणाला सापडलेली नाही. सिंगमास्टरनी १९७१मध्ये अटकळ मांडली, की १ सोडून कुठल्याही संख्येच्या येण्याला एक ठरावीक कमाल मर्यादा असली पाहिजे. पन्नास वर्षं उलटली. दहावीच्या मुलाला कळेल असा प्रश्न, पण तो सिद्धही झालेला नाही आणि खोटाही ठरलेला नाही.

‘म्हणजे तीन खोकी आहेत,’ मी म्हटलं. ‘सुटतं ते एक. सुटत नाही हे सिद्ध झालं ते दुसरं. आणि अजून माहीत नाही ते तिसरं. तू तिसऱ्यात आहेस.’

‘तिसऱ्यातली माणसं काय करतात?’

‘ज्यांनी तो प्रश्न घेतलाय ती त्याच्यासोबत दुसरं कामही करतात. सिंगमास्टर काय पन्नास वर्षं ३००३कडे बघत बसले नव्हते.’

भाऊबीज करून तो पुण्याला गेला. त्याने स्वतःच ठरवलं: आणखी एक अटेम्प्ट, आणि त्याच्याबरोबर मित्राच्या बी-बियाण्यांच्या दुकानाचा हिशेब. त्या वर्षी पूर्वपरीक्षा निघाली, मुख्य नाही निघाली. मग त्याने थांबवलं. आज दुकान दोघांचं आहे. ‘अजून एकदा द्यायला हवी होतीस’ असं म्हणणारे नातेवाईक आहेत आणि ‘चार वर्षं आधीच सोडायला हवी होती’ म्हणणारेही आहेत. दोघांकडेही सिद्धता नाही. तो दोघांनाही चहा देतो.

आपल्याकडे अपयशाला एकच स्पष्टीकरण तयार असतं: मेहनत कमी पडली. अशक्य हा शब्द मूर्खांच्या कोशात असतो म्हणे. गणितात तो अगदी मानाने वापरला जातो, पण फुकट मिळत नाही. त्यासाठी सिद्धता द्यावी लागते. कंटाळा आला म्हणून अशक्य म्हणता येत नाही आणि धीर द्यायचा म्हणून शक्यही म्हणता येत नाही. हे मला खेळण्याने जेवढं स्वच्छ शिकवलं तेवढं पाठ्यपुस्तकाने शिकवलं नाही.

आता मी अकरावीच्या वर्गात पहिल्या आठवड्यात चार क्यूब नेते, चारही विस्कटलेले. एकाचा एक कोपरा मी आधीच फिरवून ठेवलेला असतो. ०, १, २चा नियम फळ्यावर लिहिते आणि सांगते, सोडवायचे नाहीत. न सुटणारा कुठला ते शोधायचं. यंदा ज्या मुलीने शोधला तिने त्याआधी क्यूब हातात धरला नव्हता. वहीत आठ-आठ आकडे लिहून बेरजा केल्या, तिसऱ्या क्यूबची बाकी २ आली, तो तिने बाजूला काढला. मी शाबासकी देणार एवढ्यात तिने विचारलं, ‘मॅडम, पण बाकीचे तीन सुटतीलच कशावरून?’

कडांचा नियम आणि अदलाबदलीचा नियम मी त्या दिवशी शिकवणार नव्हते. पण तो तास आम्ही त्यातच घालवला.