तुरीचा उन्हाळा

२०१७ च्या एप्रिलमध्ये अहमदपूरच्या मोंढ्यात तुरीच्या पोत्यांतून वाट काढणे कठीण झाले होते. सलग दोन वर्षांच्या अवर्षणाने लातूर जिल्हा इतका कोरडा पडला होता की, आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्यानंतर पाऊस मनाजोगता झाला. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोमागे २०० रुपयांच्या घरात गेली होती, ते लक्षात ठेवून ज्याने त्याने तूरच पेरली. पीक उदंड आले आणि भाव कोसळला. शासनाचा हमीभाव बोनससह ५,०५० रुपये क्विंटल, तर मोंढ्यातील सौदा चार हजारांच्या आसपास. शासकीय खरेदी केंद्रांवर कधी बारदाना नसे, कधी काटा बंद असे. बाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या रांगा दिवसेंदिवस हलत नसत.

याच दिवसांत मोंढ्यातील एका जैन आडत पेढीवर मालकांचा मुलगा येऊन बसू लागला. दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. निकाल लागेपर्यंत घरी लोळत पडण्यापेक्षा चार अक्षरे व्यवहाराची शिकावीत, एवढाच वडिलांचा हेतू. आपल्या घरांतून ही रीत जुनीच आहे. शाळेत नफा-तोटा शिकलेल्या मुलाला खरा तोटा गादीवर बसल्यावरच भेटतो.

पहिला आठवडा काही बरा गेला नाही. मुलाचे लक्ष मोबाईलमध्ये अधिक. काट्यावरचे वजन ओरडून सांगताना त्याचा फुटू लागलेला आवाज मध्येच चिरके, आणि हमाल तोंड फिरवून हसत. दोन महिन्यांपूर्वी शिवलेली पँट घोट्याच्या वर गेली होती. आईने तिची दुमड उसवून पाहिली, तीही पुरली नाही. वडिलांना ही वाढ दिसत होती, पण ती अंगाची होती.

पट्ट्या लिहिण्याचे काम त्याच्याकडे आले, तेव्हापासून थोडे पालटले. वजन, भाव, हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल, हे सारे मांडून पट्टी हातात दिली की शेतकरी ती न वाचताच घडी करून खिशात घालतो, हे त्याच्या ध्यानात आले. तो प्रत्येकाला पट्टी वाचून दाखवू लागला. "मामा, हे वजन, ही हमाली वजा, हे तुम्ही पौषात नेलेले दोन हजार." गर्दीच्या वेळी हा खटाटोप वडिलांना नकोसा वाटे. एकदा ते कुरकुरले, तेव्हा हाडोळतीकडचे एक म्हातारे म्हणाले, "सांगू द्या की शेठ. लेकराचं सांगणं ध्यानात येतंय." वडिलांनी मग काही म्हटले नाही.

खरी कसोटी एप्रिलच्या मध्याला आली. पेढीकडे आडतीचा आणि खरेदीचा असे दोन्ही परवाने होते, आणि स्वतःची अशी १४० क्विंटल तूर गोदामात पडून होती. सरासरी ३,९५० रुपयांनी घेतलेली. ती शासकीय केंद्रावर घालता आली तर क्विंटलमागे १,१०० रुपये सुटणार होते, म्हणजे एकूण १,५४,०००. केंद्र मात्र फक्त शेतकऱ्याचाच माल घेई. तेव्हा कुणा शेतकऱ्याचा सातबारा, आधार आणि पासबुकाची प्रत घ्यायची, त्याच्या नावावर आपली तूर घालायची, आणि पैसे त्याच्या खात्यात आले की काढून घेता यावेत म्हणून विड्रॉल स्लिपवर आधीच त्याची सही किंवा अंगठा घेऊन ठेवायचा, अशी तोड एका दलालाने सुचवली होती. कागद देणाऱ्याला क्विंटलमागे दोनशे रुपये. बँकेच्या काउंटरवर ज्याने उमर काढली आहे, त्याला अशा कोऱ्या स्लिपचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

कागदांचा हा गठ्ठा गल्ल्याखालच्या खणात होता. पावतीपुस्तक शोधताना तो मुलाच्या हाती लागला.

त्या दिवशी तो दुकानात काही बोलला नाही. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून वडील गच्चीवर येऊन बसले, तेव्हा त्याने विचारले, "पप्पा, गोदामातली तूर आपलीच आहे ना?"

"आपलीच."

"मग किनगावच्या मावशीचा सातबारा आपल्या खणात कशाला?"

वडिलांनी व्यवहार थोडक्यात सांगितला. मोंढ्यात आज अनेक जण हेच करतात, यात शेतकऱ्यालाही चार पैसे मिळतात, तू अजून लहान आहेस, असेही सांगितले. मुलाने सारे ऐकून घेतले. मग तो म्हणाला, "पण तिची स्वतःची तूर अजून घरात आहे. परवा येऊन नुसता भाव विचारून गेली. एका सातबाऱ्यावर जमिनीच्या मानानेच तूर घेतात. आपली गेली तर तिची कुठे जाईल?"

हा प्रश्न वडिलांनी स्वतःला विचारलाच नव्हता. कायद्याचे भय त्यांनी मनात तोलून पाहिले होते. ती बाई मात्र त्या हिशोबात कुठेच नव्हती. व्रते, नियम, प्रतिक्रमण हे सारे त्या घरात होते, आणि तरीही हा प्रश्न सोळा वर्षांच्या मुलाने विचारावा लागला. मुलाचा आवाज त्या वेळी चिरकला नव्हता, हेही त्यांच्या लक्षात आल्यावाचून राहिले नाही.

सकाळी त्यांनी गठ्ठा मुनीमजींच्या हाती न देता मुलाच्या हाती दिला. "ज्याचे त्याला नेऊन दे. स्लिपा समोर फाड."

मुनीमजींना सोबत घेऊन मुलगा एस.टी.ने गावोगाव फिरला. किनगावची ती बाई विधवा, दोन एकरांची धनीण. कागद का दिले, असे विचारल्यावर ती म्हणाली, "बियाण्याची उधारी होती बाळा तुमची. शेठनी मागितले, नाही कसं म्हनू?" घरात सहा क्विंटल तूर होती, रांगेत उभे राहायला माणूस नव्हते. मुलाने तलाठ्याकडून पीकपेऱ्याची नोंद काढून घेतली, तिचा अर्ज भरला, आणि भाड्याच्या टेम्पोतून तिची पोती केंद्रावर आणून रांगेत लावली. वडिलांना हे सांगितले ते माल रांगेत लागल्यावर.

पुढचे काही दिवस तो दुपारभर रांगेतच असे. एका संध्याकाळी जेवणाची वेळ टळेल म्हणून वडील स्कूटर घेऊन त्याला आणावयास गेले. दुरूनच त्यांना तो दिसला. पोत्यांच्या थप्पीवर बसून वहीत काही लिहीत होता आणि भोवती दहा-बारा शेतकरी उभे होते. कोणाचा ट्रॅक्टर आधी आला यावरून दुपारी जुंपली होती. तेव्हा याने प्रत्येकाकडून आल्याची तारीख आणि वेळ विचारून क्रमवार यादी केली आणि ती सर्वांना वाचून दाखवली. एक शेतकरी हरकत घेत होता. मुलाने त्याच्या शेजारच्या दोघांना विचारले, खाडाखोड केली आणि त्याचे नाव दोन घरे वर घेतले. खाली गेलेल्यांनीही ते मानले. वडील लिंबाखाली स्कूटर लावून उभे राहिले. हाक मारली असती तर तो लगेच उठून आला असता. त्यांनी हाक मारली नाही. सूर्य मावळला. दोघेही त्या रात्री उपाशी झोपले, आणि वडिलांना त्या उपवासाचे काहीच वाटले नाही.

२२ एप्रिलला खरेदी बंद झाली. बाईची पोती तेव्हाही काट्यावर चढली नव्हती. त्या दिवसापर्यंत केंद्रावर आलेली तूर घेण्याचा निर्णय राज्य सरकारने पुढे केला, आणि मे महिन्यात तिचे वजन झाले. व्यापाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या नावावर माल घातला काय, याची चौकशी होणार असल्याचेही जाहीर झाले. मोंढ्यात काहींची झोप उडाली. पेढीची तूर मात्र मेच्या मध्यास ३,७०० रुपयांनी विकावी लागली. क्विंटलमागे अडीचशेचा तोटा, एकूण ३५,०००. तो जमाखर्च मुलानेच लिहिला. आकड्याखाली रेघ ओढताना त्याने वडिलांकडे पाहिले, तेव्हा वडील म्हणाले, "अक्षर जरा मोठे काढ."

१३ जूनला निकाल लागला. गुण चांगले पडले, पेढे वाटले गेले. जीएसटी १ जुलैपासून यायचा होता, त्याचे कागदही पेढीवर प्रथम त्यानेच वाचले. मग अकरावीसाठी तो लातूरला गेला, आणि मोंढ्यातील हमाल "छोटे शेठ कधी येणार?" असे विचारू लागले. त्याच्यासमोर त्याचे कौतुक घरात कोणी केले नाही. व्यापारी बापाला ते जमत नाही. तो फार तर किल्ल्यांचा जुडगा मुलाच्या हाताशी ठेवून जातो.

पावसाळ्यात एके दिवशी किनगावची बाई पासबुक घेऊन पेढीवर आली आणि छोट्या शेठना विचारू लागली. ते नाहीत म्हटल्यावर तिने पासबुक वडिलांपुढे धरले. त्यांनी नोंद मोठ्याने वाचून दाखवली. तिने बियाण्याची उधारी मोजून दिली; वडिलांनी खात्यावर 'बेबाक' लिहिले आणि तेही वाचून दाखवले.

रात्री लातूरला फोन झाला. मेसच्या भाज्या, भौतिकशास्त्राचा क्लास, पाऊस, असे बोलणे झाल्यावर वडील म्हणाले, "किनगावची मावशी आली होती. पैसे जमा झाले."

"किती?"

"तीस हजार तीनशे."

पलीकडे क्षणभर हिशोब झाला. "बरोबर आहे," मुलगा म्हणाला.