चि. सुहासला, थॅचबद्दल

चि. सुहास,


परवा फोनवर तू थॅच कुजवणाऱ्या जीवाणूंच्या ज्या बाटलीचं सांगितलंस, ती घ्यायची तर घे, पण तिच्या भरवशावर पावसाळा काढू नकोस. थॅच कुजवणारे जीवाणू मातीत असतातच. त्यांना हवा लागते, बेताची ओल लागते आणि माती फार आंबट चालत नाही. रोज संध्याकाळी स्प्रिंकलर सोडून गोल्फचं ग्रीन चिंब करायचं आणि वर बाटली ओतायची, यात भलं फक्त विकणाऱ्याचं.

ग्रीनवरच्या भोकाचा कप बदलताना मातीचा जो गोळा निघतो, तो जुन्या भोकात बसवण्याआधी उभा धरून नीट बघत जा. सव्वाचार इंच व्यासाचा हा नमुना तुला आयता मिळतो. वर हिरवं पातं, त्याखाली तपकिरी, दाबला की दबणारा थर, मग वाळू. मधला थर हीच थॅच: मेलेली आणि अर्धवट जिवंत खोडं, धावते फुटवे, मुळं. त्यावर अंगठा दाबून पाणी पाझरतंय का ते पाहा. पांढरी मुळं वाळूत उतरायची सोडून त्या थरातच घुटमळत असली, तर उन्हाळ्यात ते गवत तासाभराच्या उन्हालाही मान टाकणार. शिवाय हा थर एकदा कोरडा पडला की पाणी आत घेत नाही, वरून वाहून जातं. तुझे मॉवरवाले ब्लेडला दोष देतात ना, की मध्येच गवत सोलल्यासारखं तपकिरी दिसतं? अशा ठिकाणी बहुतेक वेळा मॉवरच मऊ थरात रुतलेला असतो आणि ब्लेड पात्याऐवजी खोड कापतं.

थॅच पूर्ण काढायच्या मागे मात्र लागू नकोस. पातळ थर हवाच. तो बॉलचा मार झेलतो. अर्ध्या इंचाच्या वर गेला की काळजी कर, आणि ग्रीनवर त्याच्या कितीतरी आधी.

मूळ हिशोब जमाखर्चाचा आहे. गवत वाढतं ती जमा, कुजतं तो खर्च, आणि खोडात लिग्निन भरपूर असल्याने खर्च सावकाश होतो. तुमचं गवत टिफड्वार्फ. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनला ग्लेन बर्टन नावाच्या शास्त्रज्ञाच्या हाताखालून ते १९६५ साली बाहेर आलं. याच बर्टनची टिफ्ट २३ए ही बाजरीची मादी-जात वापरून त्याच वर्षी आपल्याकडे एचबी-१ ही पहिली संकरित बाजरी आली. पुढे तिला गोसावी रोगाने गाठलं. तुझ्या आजोबांच्या पिढीतल्या बाजरीवाल्या शेतकऱ्यांना एचबी-१ ठाऊक असणार, पण तिचं गोल्फच्या गवताशी हे नातं कोणाला माहीत असेल! असो. ही संकरित हरळी आडवी, दाट पसरते, तोच तिचा गुण. तिला युरिया वाढवलास की थॅच वाढलीच म्हणून समज. मेंबरांना गर्द हिरवा रंग आवडतो आणि त्यासाठी आपण नत्र ओततो. माझ्या मते निम्मी थॅच त्या हौसेतून येते. रंगच हवा असेल तर लोह फवार.

आता थॅच काढायला मशीनने पाडायच्या भोकांचं. सहा मिलिमीटरच्या टाइनने, म्हणजे मशीनच्या दात्याने, काम ‘हलकं’ होतं म्हणून कमिटी खूश होते. दोन भोकांत पाच सेंटिमीटर अंतर धरून गणित कर: पृष्ठभागाचा जेमतेम एक टक्का भाग निघतो. बारा मिलिमीटरची पोकळ टाइन लाव, साडेचार टक्के निघेल. व्यास दुप्पट केला की क्षेत्र चौपट. वर्षाला पंधरा ते वीस टक्के पृष्ठभाग हलवावा, असं अमेरिकन गोल्फ असोसिएशनच्या जाणकारांचं म्हणणं आहे. म्हणजे बारीक टाइनने वर्षभर नुसती मशीन फिरवत बसशील.

पोकळ टाइनमधून निघालेल्या मातीच्या कांड्या कामावरच्या बायकांकडून लगेच उचलून घे आणि भोकं काठोकाठ वाळूने भर. वाळू कोरडी हवी. ओली वाळू तोंडाशीच अडकते आणि खाली पोकळी राहते. नदीची वाळू मिळणं जिकिरीचं झालंय, म्हणून कोणी क्रश सँड गळ्यात मारेल. तिच्यातली दगडाची भुकटी निचरा बंद करते. पाव ते एक मिलिमीटरचे दाणे जास्त असलेली, धुतलेली आणि मुख्य म्हणजे खालच्या वाळूशी जुळणारीच घे. एका वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दुसरी असं केलंस तर आत थर पडतात आणि पाणी थराथरावर अडतं. मोठं काम वर्षातून मोजक्या वेळीच असलं, तरी पातळ वाळूचा हात दर दोन-तीन आठवड्यांनी फिरायला हवा, म्हणजे नवी थॅच तयार होतानाच वाळूत मिसळते.

वेळ एप्रिलअखेर ते मे. गवत तेव्हा जोमात असतं, भोकं दोन-तीन आठवड्यांत भरून येतात. डिसेंबरात थंडीने वाढ थांबते, जखमा तशाच उघड्या राहतात. पावसाळ्यातही नको, ढगांमुळे गवत आधीच अशक्त असतं.

राहिला प्रश्न याच दिवसांत येणाऱ्या क्लबच्या मेच्या स्पर्धेचा. सेक्रेटरींना तोंडी सांगू नकोस. तारखा आत्ताच लेखी दे, ग्रीन किती दिवस खडबडीत राहील तेही लिही, आणि पत्राबरोबर दोन गोळे थेट त्यांच्या टेबलावर ठेव: एक सातव्या ग्रीनचा, एक नर्सरीचा. खाली वर्तमानपत्र घाल म्हणजे टेबल खराब होणार नाही.

तुझा,
मामा