चाळीस जॉब

रात्रीचा एक वाजलाय. पाळी सुटून दीड तास झाला, डोळा लागत नाही.

आज भोसरीच्या शॉपमध्ये चाळीस बुश भंगारात गेले. बोअर तीस मायक्रॉननं मोठा. इन्सर्ट बदलल्यावर मशिनला ऑफसेट मीच दिला होता; घाईत, पहिला जॉब न मोजता. ऑपरेटर पोरगा, नुकताच आयटीआय करून आलेला, तोंड पाडून उभा. मालकांनी विचारलं, "कुणी केलं?" दोन क्षण मी गप्प होतो. ते दोन क्षण त्या पोरानं पाहिले, हे आता टोचतंय. मग म्हणालो, "माझी चूक."

यावरून आठवलं: ऑगस्ट १९७९ मध्ये एसएलव्ही-३ रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळलं. मोहिमेची सूत्रं कलामांकडे होती, पण पत्रकारांसमोर अपयश पत्करलं ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी. पुढच्या जुलैत रोहिणी उपग्रह कक्षेत पोचला, तेव्हा मात्र त्यांनी कलामांनाच बोलायला पुढे केलं. तिथे उपग्रह, इथे बुश! तुलना करतोय याचं माझं मलाच हसू येतं. शिवाय धवनांनी दुसऱ्यांच्या चुका अंगावर घेतल्या. मी तर माझीच कबूल केली, तीही अडखळत.

गेटवर पोरगा म्हणाला, "साहेब, ऑफसेट टाकला की हाक मारत जा. पहिला जॉब मी मोजतो."

हा मान की टोमणा, कळलं नाही. बोअर गेज मात्र त्याच्याच ताब्यात देऊन आलो.