माल देणाऱ्यांची वही

आमचं घर पिढीजात मण्यारांचं. नगरच्या कापड बाजाराजवळ छोटं दुकान आणि लग्नसराईत राहुरी, शेवगाव, पाथर्डीकडच्या गावांत जाऊन बांगड्या भरणं, यावर आम्हा तीन भावांचा संसार चालतो. काचेचा माल उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादहून येतो, धातूच्या आणि खड्यांच्या बांगड्या राजकोट-मुंबईहून. वर्षानुवर्षं ज्यांच्याकडून माल घेतो, त्यांतल्या निम्म्या व्यापाऱ्यांचं तोंडही आम्ही पाहिलेलं नाही. फोनवरचा आवाज ओळखीचा, बिलावरचं नाव ओळखीचं, एवढ्याच आधारावर रमजानच्या आधी आगाऊ रक्कम जाते.

मरहूम अब्बा अशा प्रत्येक पार्टीसाठी वहीचं एक पान ठेवत. नाव, गल्ली, फोन, बँक खातं, माल कोणत्या ट्रान्सपोर्टने येतो आणि ही ओळख कोणी करून दिली, एवढं त्यात असे. अब्बांच्या इंतकालनंतर प्रश्न निघाला, की सगळे नंबर मोबाईलमध्ये असताना वही कशाला? अम्मी म्हणाल्या, "मोबाईलमध्ये नंबर असतो, माणूस नसतो." वही राहिली.

कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. व्यवहार लहान असो की मोठा, लिहायचा कंटाळा करू नका, असंही तीत सांगितलं आहे. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत कोणी बातमी आणली तर आधी खातरजमा करण्याची ताकीद आहे. लिहिणं आणि खातरजमा करणं या दोन्ही गोष्टी दुकानदाराच्या रोजच्या कामाच्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी रमजानच्या तोंडावर फिरोजाबादच्या जुन्या पार्टीचा व्हॉट्सअॅपवर निरोप आला. जुन्या खात्याची तपासणी चालू आहे, या वेळचे पैसे सोबतच्या नव्या खात्यावर टाका. नंबर त्यांचाच, फोटोही त्यांचाच. रक्कम होती ८०,००० रुपये, म्हणजे आमचं ईदचं सगळं भांडवल. आमच्या घरात एक नियम आहे : खातं बदलल्याचा निरोप ज्या नंबरवरून आला, त्या नंबरवर विचारायचं नाही. वहीत त्यांच्या थोरल्या भावाचा घरचा नंबर होता. तिथे फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "खाता तो वही पुराना है बेटा. व्हॉट्सअॅप किसी ने कब्जे में ले लिया है." दुसऱ्या एका गावच्या दुकानदाराचे पैसे तोवर गेले होते. आमची ईद त्या एका जुन्या नंबराने वाचवली.

तेव्हापासून प्रत्येक पानावर निदान दोन नंबर असतात, दोन वेगळ्या माणसांचे. प्रत्येक नोंदीपुढे ती कोणी तपासली आणि कोणत्या तारखेला, हेही लिहितो. तारीख नसलेल्या नोंदीवर आम्ही पैसे पाठवत नाही.

जीएसटी क्रमांक असेल तर तपासणं सोपं आहे. तो १५ अंक-अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे : महाराष्ट्र २७, गुजरात २४, उत्तर प्रदेश ०९. पुढची दहा अक्षरं पॅनची. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की धंद्याचं नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. राजकोटची पार्टी म्हणवणाऱ्याचा क्रमांक २७ ने सुरू झाला, तर कारण विचारावं. मात्र साध्या काचेच्या बांगड्यांवर जीएसटी नाही. फक्त त्याच विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नसते. तेव्हा क्रमांक नाही म्हणून माणूस खोटा ठरत नाही. तिथे उद्यम नोंदणी पाहावी, ट्रान्सपोर्टवाल्याला विचारावं. आम्ही आणखी एक गोष्ट विचारतो : मागच्या पेटीत किती डझन वाढल्या? बांगडी फुटली असं आमच्याकडे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तो आकडा वहीत असतो आणि खऱ्या व्यापाऱ्याकडेही असतो. तिसऱ्याला तो ठाऊक असण्याचं कारण नाही.

पत्त्याच्या बाबतीत थोडं सबुरीने घ्यावं लागतं. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. काही कागदांवर जुनं नाव आहे, काहींवर नवं. बाहेरच्या पार्ट्या आम्हालाही विचारतात, की तुम्ही तेच ना? आम्हाला त्याचा राग येत नाही. त्यांनीही आमचं पान नीट ठेवलं आहे, याचंच ते लक्षण.

नव्या खात्यावर पहिल्यांदा पैसे पाठवताना आधी ७ किंवा ११ रुपये टाकतो आणि वहीतल्या जुन्या नंबरवर विचारतो, किती आले? रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटीतही रक्कम पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पाहण्याची सोय आहे. ते नाव वहीतल्या नावाशी जुळवावं. एवढं करूनही पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम अडवण्याची आशा कमी.

दुसऱ्याचा नंबर आणि खातं ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. म्हणून वही गल्ल्यावर उघडी पडत नाही, कपाटात कुलपात असते. तिच्या पानाचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवरसुद्धा टाकायचा नाही. दुकानातल्या पोराला मागणी नोंदवायला लागतो तेवढाच नंबर मिळतो, खातं नाही. आधार कार्डाच्या प्रती आम्ही मागतच नाही. जे आपल्या कामाचं नाही ते सांभाळायची जोखीम कशाला? मोबाईलमध्ये दुसरी प्रत आहे, तिला कुलूप आहे आणि व्हॉट्सअॅपला सहा अंकी पिन लावलेला आहे. ओटीपी किंवा यूपीआयचा पिन वहीत कुठेही नाही.

मात्र कुलूप असं नको, की माणूस गेल्यावर घरच्यांनाच उघडता येऊ नये. किल्ली कुठे असते, हे अम्मींना आणि थोरल्या भाभींना ठाऊक आहे.

दर वर्षी शाबान महिन्यात, ईदच्या मालाची मागणी देण्याआधी, एक दुपार या कामाला ठेवतो. अम्मी पान वाचतात, धाकटा भाऊ फोन लावतो, मधला तारीख टाकतो. एखादा नंबर बंद लागला तर पानाचा कोपरा दुमडतो. तो सरळ होईपर्यंत त्या पार्टीला आगाऊ रक्कम जात नाही.