पडद्याआडचा खर्ज

सत्तरी उलटल्यावर माणसाने परीक्षा द्याव्यात त्या रक्ताच्या, फार तर चष्म्याच्या नंबराच्या. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याने मला कानाच्या परीक्षेला बसवले आणि मी तीत सपशेल नापास झालो. नापास झाल्याचे मला फारसे दुःख नाही; पण त्या निकालाने तीस वर्षांपूर्वीचा दुसराच एक निकाल उकरून काढला, आणि तो काही केल्या मिटत नाही.

हा भाचा बास गिटार वाजवतो. चार तारांचे, लांब मानेचे वाद्य. त्याची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. म्हणजे आपल्या खर्जाच्याही तळघरातला स्वर. गाण्यात बास असतो तेव्हा त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि नसतो तेव्हा काय हरवले आहे ते कोणाला सांगता येत नाही. आमच्याकडे हे नशीब तंबोऱ्याच्या वाट्याला आले आहे. म्हणून मला या वाद्याविषयी पहिल्यापासून थोडी आपुलकी.

आमच्या माडीवरच्या खोलीत तो ध्वनिमुद्रण करतो. गिटारच्या तारेखालच्या चुंबकातून निघणारी वीज फार क्षीण असते. ती मोठी करून पुढे पाठवण्याचे काम प्रीअँप नावाचे उपकरण करते. मला ते जुन्या काळच्या निरोप्यासारखे वाटते. मालकिणीने कानात सांगितलेले त्याने चारचौघांत मोठ्याने सांगायचे. आणि सांगताना पदरचे दोन शब्द घातले नाहीत तर तो निरोप्या कसला! भाच्याकडे असा एक साधा निरोप्या होता, संगणकाला जोडायच्या स्वस्त डबीतच बसवलेला. दुसरा त्याने मित्राकडून आठ दिवसांसाठी आणला होता : इंग्लंडातल्या रूपर्ट नीव्ह यांनी १९७० मध्ये तयार केलेल्या १०७३ या प्रसिद्ध प्रीअँपच्या वळणावर बनवलेली, आत ट्रान्स्फॉर्मर असलेली जड पेटी. तशीच एक विकत घ्यायची, तर त्याची दोन वर्षांची शिल्लक संपणार होती.

“मामा, तू ऐक. तुझा कान तयार आहे.”

सवाई गंधर्वच्या मांडवात ज्याने ऐन थंडीत रात्री जागवल्या आहेत, त्याला एवढे वाक्य पुरते. मी मांडी ठोकून बसलो. आधी डबी ऐकली, मग पेटी. आणि मी ताबडतोब निकाल दिला : “डबीत नुसती हाडे आहेत रे, पेटीत मांस आहे, रक्त आहे!” भाचा खूश झाला. त्यालाही तसेच ऐकू येत होते.

पण दुसऱ्या दिवशी तो पडक्या चेहऱ्याने खाली आला. पेटीचा आवाज डबीपेक्षा अर्धा डेसिबल मोठा होता. एवढा फरक कानाला ‘मोठा’ म्हणून कळतच नाही; तो ‘भरीव’ म्हणून कळतो, ‘श्रीमंत’ म्हणून कळतो. “मामा, आपण ऐकत होतो की बघत होतो?” त्याने विचारले. मी उत्तर दिले नाही.

मग त्याने रीतसर बेत केला. एकच तुकडा एकदाच वाजवून टिपला आणि तोच दोन्ही प्रीअँपांतून फिरवला, म्हणजे बोटांचा फरक राहायला नको. दोन्हींची पातळी डेसिबलच्या दहाव्या हिश्शापर्यंत जुळवली. दोन तुकड्यांना ‘अ’ आणि ‘ब’ अशी नावे दिली आणि आमच्या सौभाग्यवतींना बोलावले. कोणते अक्षर कोणाचे हे तिला ठाऊक नव्हते. तिने फक्त रुपया उडवायचा, छापा पडला तर ‘अ’ लावायचा, काटा पडला तर ‘ब’, आणि दूधवाल्याच्या वहीत लिहून ठेवायचे. आम्ही दोघे भिंतीकडे तोंड करून बसलो. प्रत्येक फेरीच्या आधी दोन्ही तुकडे नावानिशी हवे तितके ऐकायची मुभा होती. असे १६ वेळा.

नाण्याला कान नसतात, तरी त्याला सरासरीने ८ गुण मिळतात. केवळ दैवाने १२ किंवा अधिक मिळण्याचा संभव शंभरात चारांहून कमी. तेव्हा १२ मिळवील त्याला ऐकू येते म्हणायचे, असे ठरले. भाच्याला ९ मिळाले. मला ७.

गंमत अशी, की एकाही फेरीत मी अडखळलो नव्हतो. दर वेळी मला मांस ऐकू आले होते, रक्त ऐकू आले होते. फक्त निम्म्याहून अधिक वेळा ते डबीचे होते.

फरक मुळीच नव्हता असे मात्र नाही. भाच्याने पेटीला मुद्दाम ताण देऊन तोच खेळ पुन्हा मांडला, तेव्हा त्याला १४ मिळाले आणि मलाही १२. ट्रान्स्फॉर्मरचे लोखंड खालच्या स्वरांनी आधी थकते आणि थकले की वरचे उपस्वर मिसळू लागते. लहान स्पीकरला ४१ कंपनांचा स्वर काढता येत नाही. पण ८२ आणि १२३ हे त्याचे उपस्वर कानावर पडले, की मूळ स्वर कान स्वतःच भरून काढतो. तंबोऱ्यातला गांधार कोणी लावलेला नसतो, तरी तो तारेत असतो. हा खर्ज मात्र ऐकणाऱ्यानेच उभा केलेला. म्हणजे निरोप्याइतकाच निरोप ऐकणाराही पदरचे घालतो! शेवटी भाच्याने जुन्या तारा काढून नव्या चढवल्या. तो फरक स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींनीही ओळखला.

माझ्या समाधानासाठी भाच्याने एक हकीकत सांगितली. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे २१ व्हायोलिनवादकांना काळे चष्मे लावून सहा व्हायोलिने वाजवायला दिली होती. तीन नवी, दोन स्ट्राडिव्हारीची आणि एक ग्वार्नेरीचे. जुन्या लाकडाचा वास येऊ नये म्हणून हनुवटीखाली अत्तरही लावले होते. सर्वांत अधिक पसंती मिळाली ती एका नव्या व्हायोलिनला, आणि सर्वांत कमी एका स्ट्राडिव्हारीला. “बघ, तिथे मोठमोठे फसले!” भाचा म्हणाला. पण माझे मन व्हायोलिनपाशी नव्हते. ते एका शाळेच्या सभागृहात जाऊन बसले होते.

तीस वर्षांपूर्वी त्या शाळेत आंतरशालेय गायन-स्पर्धेचा मी परीक्षक होतो. हातातल्या यादीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याच्या गुरूचे नाव छापले होते. एका नावापुढे फार मोठे नाव होते. तो मुलगा गायला बसला आणि मला घराणे ऐकू आले, तालीम ऐकू आली, परंपरा ऐकू आली. त्याच्या नंतरच्या मुलाच्या नावापुढची जागा कोरी होती. त्याने एक अभंग म्हटला. पहिल्याला मी तीन गुण अधिक दिले. दुसऱ्याने खाली उतरताना आमच्या टेबलाकडे एकदा पाहिले. रागाने नाही, नुसते पाहिले.

मी खोटे वागलो नव्हतो. मला खरोखरच तसे ऐकू आले होते, आणि त्या रात्री मी शांत झोपलोही होतो. पण आता पाहतो तो ज्याला बक्षीस दिले त्याचे नाव, गुरूच्या नावासह, मला आठवते; आवाज आठवत नाही. आणि ज्याला दिले नाही त्याचे नाव आठवत नाही. आवाज मात्र अंतऱ्याच्या त्या एका जागेसह अजून कानात आहे. त्याचे पुढे काय झाले मला ठाऊक नाही. कदाचित काहीच बिघडले नसेल. कदाचित त्याने गाणे सोडले असेल.

भाच्याने पेटी परत केली आणि तारांचे दोन जोड विकत आणले. तेवढ्यावर त्याचे भागले.

माझे भागले नाही. गेल्या महिन्यात एका शाळेने मला पुन्हा परीक्षक म्हणून बोलावले. मी एकच अट घातली : यादीत फक्त क्रमांक असावेत आणि मध्ये पडदा असावा. चालकांनी एकमेकांकडे पाहिले, पण म्हाताऱ्याचा मान राखून पडदा लावला. पलीकडे कोणी तरी येऊन बसले. घसा साफ केला. सूर लागला. तो मुलगा होता की मुलगी, कोणाचा शिष्य, कोणत्या पेठेतला, काहीच कळत नव्हते. मी पेन्सिल उचलली आणि ती हातात थरथरली. गुण देण्याची इतकी भीती मला यापूर्वी कधी वाटली नव्हती.