बेचक्यातली जागा

आमच्या उजव्या चपलेचे टोक डाव्या चपलेच्या आधी झिजते. कारण जुने आहे. १९७४ च्या पावसाळ्यात, आम्ही सात वर्षांचे असताना, ताप आला म्हणून तालुक्याच्या गावी आम्हांस 'कमरेत' इंजेक्शन देण्यात आले. मांडीतून पोटरीपर्यंत वीज उतरावी तशी कळ गेली आणि दुसऱ्या दिवशी पाऊल वर उचलेना. वर्षभराच्या व्यायामाने ते बरेचसे सावरले. सुई देणाऱ्या त्या हातावरचा राग मात्र जवळजवळ पन्नास वर्षे राहिला.

गेल्या वर्षी एका शस्त्रक्रियेनंतर परिचारिका वेदनाशामक इंजेक्शन घेऊन खाटेपाशी आल्या, तेव्हा आम्ही निक्षून सांगितले, "सिस्टर, काय ते दंडात द्या." त्यांनी कारण विचारले, शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "काका, हे तीन मिलिलिटर आहे. दंडाचा स्नायू लहान, एवढे औषध तिथे नको. पण तुम्हांला तेव्हा दिले त्या जागीही मी देणार नाही."

आधी त्यांनी आमचे पूर्ण नाव विचारले. "कालच सांगितले की," आम्ही कुरकुरलो. "उद्याही विचारणार," त्या म्हणाल्या. मनगटावरची पट्टी, केसपेपर आणि ॲम्प्युलवरील अक्षरे त्यांनी ताडून पाहिली. स्नायू सैल पडावा म्हणून आम्हांस कुशीवर वळवून गुडघा दुमडायला लावला. मांडीच्या हाडाचे वरचे टोक बाजूला हाताला लागते, तिथे तळवा टेकवला. तर्जनी कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर ठेवली आणि मधले बोट त्या हाडाच्या कडेने मागे फाकवले. दोन बोटांमधल्या बेचक्यात सुई काटकोनात गेली. औषध सावकाश सोडले, एका मिलिलिटरला सुमारे दहा सेकंद. सुईला पुन्हा टोपण लावले नाही, कारण त्या खटाटोपात ती देणाऱ्याच्याच बोटात शिरते. ती थेट पांढऱ्या टणक डब्यात गेली. शेवटी वेळ आणि जागा कागदावर नोंदवली.

पुढे कुतूहलाने आम्ही थोडे वाचले. नितंबातून मांडीकडे सायटिक नावाचा जाडजूड मज्जातंतू उतरतो. नितंबाचे चार भाग कल्पून वरच्या, बाहेरच्या भागात सुई द्यावी, ही जुनी रीत त्याला टाळण्यासाठीच होती. पण हे चार भाग नजरेने पाडायचे. आणि लाजेपोटी चड्डी जेमतेम चार बोटे खाली सरकवलेली असेल, वर मूल हातपाय झाडत असेल, तर भाग कशाचे पाडायचे? आपण त्या जागेचे नावदेखील घेत नाही, 'कमर' म्हणून मोकळे होतो. बेचक्याच्या जागी मात्र हाडेच वाट दाखवतात, आणि मोठा मज्जातंतू वा मोठी रक्तवाहिनी तिथे जवळ नसते. ही जागा होखस्टेटर यांनी १९५० च्या दशकातच वर्णिली होती. आमच्या तापाच्या वेळी ते ज्ञान पुस्तकात होते. तालुक्याच्या त्या हातापर्यंत कुणी ते पोहोचवले नव्हते.

आणखी एक गोष्ट आम्ही सोयीस्करपणे विसरलो होतो. त्या दिवशी डॉक्टर गोळ्याच लिहून देत होते. "सुई टोचल्याशिवाय पोराचा ताप उतरायचा नाही," हा हट्ट आमच्या वडिलांचा होता. त्यांच्या दृष्टीने ती मायाच होती. बाहेर रांग होती, आत सुई देणारा एकटा होता. सिस्टरांनी आमच्यापाशी घालवली तेवढी मिनिटे त्याला कोणी दिली असती? आम्हीही पुढे स्वतःच्या मुलांसाठी डॉक्टरांपाशी तोच हट्ट धरला आहे, हे इथे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी ठरल्याप्रमाणे पुन्हा नाव विचारले. आम्ही या खेपेस कुरकुर केली नाही. वडिलांच्या नावासकट पूर्ण सांगितले.